वाचकांचे प्रश्न : ट्रेट शोधताना शब्दामागे नको, टर्ममागे जा

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत. जीन, उंदीर, मासे, पिकं, माणसाचे आजार, सगळ्यांचे मोठमोठे डेटाबेस उघडे आहेत, फुकट आहेत, पण त्यात एखादा ट्रेट म्हणजे एखादा गुणधर्म किंवा लक्षण शोधायला गेलं की एकतर रिझल्टचा पूर येतो नाहीतर काहीच हाती लागत नाही. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देतेय. लांबलेले प्रश्न थोडे कापलेत.

प्रश्न : मी बायोइन्फर्मेटिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फिट येण्याशी संबंधित जीन गोळा करायचेत. 'सीझर' टाकलं की एक यादी येते, 'कन्व्हल्शन' टाकलं की दुसरी, 'एपिलेप्सी' टाकलं की तिसरीच. ताई, यातली खरी कुठली धरू?

उत्तर : तिन्ही अर्धवट आहेत, आणि तिन्ही एकत्र केल्या तरी पूर्ण होणार नाहीत. सर्च बॉक्सने तुमची फक्त अक्षरं जुळवली. एका डॉक्टरने पेपरमध्ये सीझर लिहिलं, दुसऱ्याने कन्व्हल्शन, तिसऱ्याने ग्रँड माल हे जुनं नाव वापरलं, चौथ्याने फक्त तापात येणाऱ्या झटक्यांबद्दल लिहिलं, आता हे सगळं एकाच घरातलं आहे हे कॉम्प्युटरला कोणीतरी आधी सांगून ठेवलं असेल तरच कळणार ना. ते सांगून ठेवायचं काम ऑन्टॉलॉजी करते. म्हणजे ट्रेटची ठरवलेली यादी, त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे एक टर्म, तिला एक कायमचा आयडी, एक व्याख्या, लोक वापरतात ती बाकीची नावं, आणि कोणता ट्रेट कोणाच्या पोटात येतो त्याची जोडणी.

माणसाच्या लक्षणांसाठी ह्यूमन फिनोटाइप ऑन्टॉलॉजी आहे, सगळे तिला एचपीओच म्हणतात, २००८ मध्ये बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमधल्या ग्रुपने ती सुरू केली. त्यात सीझर म्हणजे एचपी:०००१२५०. तिच्या खाली फोकल, जनरलाइज्ड, तापातले असे प्रकार आणि त्यांच्या खाली आणखी बारीक प्रकार. नियम असा की खालच्या टर्मला जे लागू आहे ते वरच्या सगळ्या टर्मना आपोआप लागू होतं. ज्याला तापात झटके येतात त्याला झटके येतातच, पण ज्याला झटके येतात त्याला ते तापातच येतात असं नाही. म्हणून तुम्हाला फक्त एचपी:०००१२५० शोधून चालणार नाही, ती टर्म आणि तिच्या खालचं सगळं झाड असं शोधावं लागेल, कारण चांगला क्युरेटर, म्हणजे पेपर वाचून डेटाबेसमध्ये नोंदी करणारा माणूस, पेपर वाचताना जितकी बारीक टर्म लावता येईल तितकी बारीक लावतो आणि वरच्या टर्मला थेट लागलेलं फार थोडं उरतं.

प्रत्येक साइटवर हे वेगळ्या ठिकाणी लपलेलं असतं. माणसाच्या डीएनएतले बदल आणि ट्रेट यांचे संबंध नोंदवणाऱ्या जीवास कॅटलॉगमध्ये ट्रेटच्या पानावर खालच्या ट्रेटचा डेटा घ्यायचा की नाही याचं बटण आहे, जीनची कामं शोधायच्या क्विकगो या साइटवर नेमकी तीच टर्म हवी की खालच्यासकट हवी ते निवडता येतं. एचपीओच्या डाउनलोड फाइलमध्ये तर हा फरक सरळ फाइलच्या नावात आहे आणि बहुतेक विद्यार्थी इथेच अडकतात : 'जीन्स टू फिनोटाइप' या फाइलमध्ये थेट लावलेल्या टर्म असतात आणि 'फिनोटाइप टू जीन्स' मध्ये खालच्या टर्मवरून वर आलेलंसुद्धा असतं. तुमच्या कामाला दुसरी फाइल घ्या.

एपिलेप्सीची यादी वेगळी आली त्याला आणखी एक कारण आहे. झटका हे लक्षण, एपिलेप्सीला लोक आजार म्हणून बघतात. एचपीओ लक्षणांसाठी आहे, आजारांसाठी ओमिम, ऑर्फानेट, मॉन्डो हे वेगळे आहेत. आणि एचपीओमध्ये जीन लक्षणाला जोडला जातो तो बहुतेक वेळा आजाराच्या मार्गाने, म्हणजे या जीनमुळे हा आजार होतो, या आजारात हे लक्षण दिसतं, म्हणून जीन आणि लक्षण जोडले गेले. एका आजाराच्या नावाखाली पाच जीन असतील तर त्या आजाराची सगळी लक्षणं पाचही जीनच्या खात्यात जाऊ शकतात. यादी हातात आल्यावर हे डोक्यात ठेवून वाचा, खासकरून एखादा जीन तुम्हाला तिथे अजिबात अपेक्षित नसेल तर आधी त्याच्या मागचा आजार बघा.

प्रश्न : रॅटच्या ब्लड प्रेशरचा डेटा हवाय. रॅट जीनोम डेटाबेसमध्ये गेलो तर तिथे ट्रेट वेगळं, मेझरमेंट वेगळं, मेथड वेगळी, कंडिशन वेगळी असं चार ठिकाणी विचारतात. साधं ब्लड प्रेशर शोधायला एवढा पसारा का?

उत्तर : हा पसारा मला फार आवडतो, आणि का ते सांगते, कारण ज्या डेटाबेसमध्ये तो नसतो तिथे आपण वेगवेगळ्या गोष्टींची सरासरी काढून बसतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

चार गोष्टी आहेत. व्हर्टिब्रेट ट्रेट ऑन्टॉलॉजी, म्हणजे व्हीटी, सांगते की कोणता गुणधर्म, इथे रक्तदाब. तो वाढला की कमी झाला याच्याशी तिला देणंघेणं नाही. मग क्लिनिकल मेझरमेंट ऑन्टॉलॉजी सांगते की नेमकं काय मोजलं, सिस्टॉलिक, डायस्टॉलिक की मीन आर्टेरियल. मेथडची ऑन्टॉलॉजी सांगते की कसं मोजलं. आणि कंडिशनची सांगते की त्या वेळी प्राण्याला काय दिलं होतं, कुठलं औषध, कुठलं खाणं, किती दिवस.

आता मेथडचं घ्या. रॅटचं प्रेशर शेपटीला पट्टा बांधून मोजता येतं, त्यासाठी त्याला एका जागी जखडून ठेवावं लागतं आणि तो घाबरतो, ताण येतो, आकड्यावर त्याचा परिणाम होतो. दुसरी पद्धत रेडिओटेलिमेट्री, शरीरात छोटं यंत्र बसवायचं आणि रॅट पिंजऱ्यात मोकळा फिरत असताना रात्रंदिवस मोजत राहायचं. दोन्हीला पेपरमध्ये लोक सिस्टॉलिक ब्लड प्रेशरच म्हणणार. कंडिशनचं तर विचारूच नका, डाल सॉल्ट सेन्सिटिव्ह नावाची रॅटची जात आहे, तिला जास्त मिठाचं खाणं दिलं की प्रेशर चढतं, तिची ओळखच ती आहे. मग या जातीचे कमी मिठावरचे आणि जास्त मिठावरचे आकडे एकाच रकान्यात टाकले तर त्या सरासरीला काय अर्थ राहिला. त्याच साइटवरच्या फिनोमायनर टूलमध्ये चारही बाजूंनी गाळून घेता येतं, आधी मेझरमेंट निवडा, मग मेथड, मग कंडिशन, आणि रिझल्ट खूप कमी झाले तर शेवटचं गाळण सैल करा, पहिलं नाही.

याच प्रश्नाला जोडून अजून एका वाचकाने विचारलंय की माउसच्या डेटाबेसमधल्या एमपी टर्म आणि या व्हीटी टर्म यात फरक काय. एमपी म्हणजे मॅमेलियन फिनोटाइप ऑन्टॉलॉजी, जॅक्सन लॅबोरेटरीमधल्या माउस जीनोम इन्फर्मेटिक्सची. तिच्यात दिशा असते, कंट्रोलच्या तुलनेत काय बिघडलं ते. उदाहरणार्थ एमपी:०००१२६२ म्हणजे शरीराचं वजन कमी झालेलं. व्हीटीमध्ये नुसतं वजन. जीन बंद केल्यावर काय झालं हा प्रश्न असेल तर एमपी, क्रोमोसोमवरचा कुठला भाग वजन ठरवतो हा प्रश्न असेल तर व्हीटी. क्रोमोसोमवरच्या अशा भागाला क्यूटीएल म्हणतात, आणि गाय, डुक्कर, कोंबडी यांचा ॲनिमल क्यूटीएल डेटाबेस व्हीटी वापरतो ते याचसाठी, शिवाय दूध-मांस-अंडी यांच्या ट्रेटसाठी त्यांच्याकडे वेगळी ऑन्टॉलॉजी आहे.

प्रश्न : पिकांच्या ब्रीडिंगमध्ये काम करतो. झाडाची उंची हा ट्रेट चार वेगळ्या प्रोजेक्टमधून एकत्र करायचाय. सगळ्यांकडे कॉलमचं नाव 'प्लांट हाइट' असंच आहे, मग ऑन्टॉलॉजीची गरज आहे का?

उत्तर : कॉलमचं नाव सारखं आहे म्हणूनच जास्त गरज आहे. नावं वेगळी असती तर तुम्ही थांबून विचार तरी केला असता.

प्लांट ट्रेट ऑन्टॉलॉजीमध्ये झाडाची उंची टीओ:००००२०७ आहे, जीन आणि क्यूटीएल शोधायला ती छान. भाताचा एसडी१ जीन घ्या, जिबरेलिन हे झाडाच्या वाढीचं हार्मोन तयार करणाऱ्या एका एन्झाइमचा जीन, तो बिघडला की झाड बुटकं राहतं, हरितक्रांतीतल्या बुटक्या भाताच्या मागे हाच आहे. त्याच्यावरच्या पेपरमध्ये कुठे सेमीड्वार्फ लिहिलंय, कुठे कल्म लेन्थ म्हणजे खोडाची लांबी, कुठे प्लांट हाइट. टर्म लावलेल्या डेटाबेसमध्ये उंचीच्या आयडीने गेलात की लेखकाने कुठला शब्द वापरला याची काळजी नाही. फक्त कल्मची लांबी ही स्वतःची वेगळी टर्म असू शकते, ऑन्टॉलॉजीतलं टर्मचं झाड उघडून ती कुठे बसवलीय ते बघून घ्या.

पण शेतातले आकडे एकत्र करायला तेवढं पुरत नाही. त्यासाठी क्रॉप ऑन्टॉलॉजी आहे, सीजीआयएआर या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन गटाच्या संस्थांनी उभी केलेली, आणि तिची खासियत अशी की तिथे ट्रेट, मेथड आणि स्केल या तिघांची जोडी मिळून एक व्हेरिएबल होतं आणि आयडी त्या व्हेरिएबललाही असतो. भातात उंची जमिनीपासून सर्वात उंच लोंबीच्या टोकापर्यंत मोजतात, कुसळं धरत नाहीत. तुमच्या चारपैकी एकाने कुसळांसकट मोजली असेल, एकाने लोंबी यायच्या आधीच मोजली असेल, एकाने सेंटिमीटरऐवजी १ ते ९ असा स्कोअर दिला असेल, तर हे तीन वेगळे व्हेरिएबल आहेत. आधी चारही टीमच्या लोकांना फोन करून मोजमाप कसं केलं ते विचारा, मग प्रत्येक कॉलमला व्हेरिएबलचा आयडी लावा, मगच फाइली जोडा. वेळ जातो, पण नंतर ॲनालिसिसमध्ये जो गोंधळ होतो तो शोधायला याच्या कितीतरी पट वेळ जातो.

प्रश्न : टर्म शोधायच्या कुठे? एवढ्या ऑन्टॉलॉजी आहेत.

उत्तर : युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूटचं ऑन्टॉलॉजी लुकअप सर्व्हिस, म्हणजे ओएलएस, तिथून सुरुवात करा. स्टॅनफर्डचं बायोपोर्टल आणखी मोठं आहे पण त्यात कोणीही काहीही चढवलेलं असतं, नवख्या माणसाला तिथे कुठली ऑन्टॉलॉजी जिवंत आहे आणि कुठली कधीच सोडून दिलेली आहे ते कळत नाही. आणि सगळ्यात आधी हे बघा की तुम्हाला ज्या डेटाबेसमध्ये शोधायचंय तो कुठली ऑन्टॉलॉजी वापरतो. जगातली सर्वात सुंदर टर्म सापडली पण त्या डेटाबेसमध्ये ती लावलेलीच नाही तर उपयोग शून्य. टर्म मिळाली की नुसतं नाव बघून पुढे जाऊ नका, व्याख्या वाचा, दोन ओळींचीच असते.

प्रश्न : माझ्या मुलीचं निदान अजून झालेलं नाही. जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर एचपी आणि पुढे सात आकडे अशी मोठी यादी आहे. हे आजारांचे कोड आहेत का? मी घाबरलेय.

उत्तर : ताई, ते आजारांचे कोड नाहीत. ती तुमच्या मुलीत डॉक्टरांना दिसलेल्या गोष्टींची यादी आहे, एकेक लक्षण एकेका आयडीने लिहिलेलं. यादी मोठी आहे म्हणजे आजार मोठा आहे असं अजिबात नाही, उलट डॉक्टरांनी मन लावून तपासलंय असा त्याचा अर्थ होतो.

असं लिहिण्याचा फायदा थेट तुमच्या मुलीला आहे. दुर्मिळ आजार हजारो आहेत, कुठल्याच डॉक्टरने सगळे बघितलेले नसतात. एक्झोम (डीएनएतला प्रोटीन बनवणारा भाग) किंवा जीनोम (अख्खा डीएनए) टेस्ट केली की प्रत्येक माणसात हजारो-लाखो बदल सापडतात, त्यातला नेमका कुठला बदल त्रास देतोय हे नुसत्या डीएनएवरून ओळखणं अवघड. तेव्हा एक्झोमायझरसारखं सॉफ्टवेअर ही लक्षणांची यादी घेतं आणि माहीत असलेल्या आजारांच्या, शिवाय माउस आणि झेब्राफिशच्या लक्षणांशी ताडून बघतं, आणि कुठल्या जीनकडे आधी बघायचं ते क्रमाने लावून देतं. तंतोतंत तेच लक्षण जुळायला हवं असं नसतं, जवळचं असलं तरी थोडे गुण मिळतात, आणि जे लक्षण फार थोड्या आजारांत दिसतं ते जुळलं तर जास्त गुण. म्हणून 'विकास उशिरा' एवढं ढोबळ लिहिण्यापेक्षा नेमकं काय उशिरा, कधीपासून, हे लिहिलेलं खूप कामाला येतं.

इथे तुम्ही मदत करू शकता. रोज मुलीसोबत तुम्ही असता. कुठली गोष्ट कोणत्या वयात सुरू झाली, कुठली आधी होती आणि आता गेली, हे लिहून न्या. जे नाही तेही सांगा, डॉक्टरांनी विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात तर 'नाही' हेसुद्धा नोंदवता येतं आणि त्यानेही बरेच आजार बाजूला होतात. आयडी तुम्ही शोधायची गरज नाही, तुमच्या शब्दांत सांगा, एचपीओमध्ये घरगुती बोलीतली नावंसुद्धा खास करून जोडलेली आहेत. आणि एक कळकळीची विनंती, ते आकडे रात्री एकटीने सर्च करत बसू नका. एका लक्षणाखाली शेकडो आजार निघतात आणि त्यातले जवळपास सगळे तुमच्या मुलीचे नाहीत. कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि प्रत्येक ओळ त्यांच्याकडून समजून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : ज्या जीनवर पीएचडी करतेय त्याचा हाडांशी संबंध आहे का ते पाहिलं. माउसच्या डेटाबेसमध्ये हाडांची एकही टर्म लागलेली नाही. थीसिसमध्ये 'संबंध नाही' असं लिहू का?

उत्तर : नका लिहू. या कॉलममध्ये मला सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचं असेल तर हेच. टर्म लागलेली नाही याचा अर्थ फक्त एवढाच की टर्म लागलेली नाही.

त्यामागे काहीही असू शकतं. कोणी हाडं तपासलीच नसतील, जो माणूस मेंदूवर काम करतो तो त्या माउसच्या मांडीचं हाड कशाला मोजेल. किंवा तपासली, बिघाड सापडला, पेपरही आला, पण तो अजून क्युरेटरच्या हातात पडलेला नाही, कारण क्युरेटर मूठभर आणि पेपरचा ढीग रोज वाढतोय. किंवा तपासली आणि सगळं ठीक निघालं, आणि ठीक निघालेलं लोक छापतच नाहीत. या तिन्ही परिस्थितीत तुमच्या स्क्रीनवर सारखाच रिकामा रकाना दिसतो.

चौथी शक्यता लोक नेहमी विसरतात. जीन पूर्ण बंद केल्यावर पिल्लू जन्मालाच आलं नाही तर मोठ्या वयातली हाडं मोजणार कोणाची. इंटरनॅशनल माउस फिनोटायपिंग कन्सॉर्शियमच्या २०१६ च्या पेपरमध्ये १७५१ जीनपैकी ४१० असे निघाले की दोन्ही कॉपी बंद केल्यावर उंदीर जगतच नाहीत. अशा वेळी एकच कॉपी बंद असलेले उंदीर तपासतात आणि त्यांच्यात परिणाम सौम्य असू शकतो किंवा दिसतच नाही. तर तुमच्या जीनच्या पानावर आधी जगण्या-मरण्याच्या टर्म बघा.

तुम्हाला खरा आधार हवा असेल तर याच कन्सॉर्शियमच्या साइटवर जा. २०११ मध्ये ते सुरू झालं आणि त्यांचं काम असं की एकेक जीन बंद करून सगळ्या उंदरांवर तीच ठरलेली तपासण्यांची यादी चालवायची, कोणाला कशात इंटरेस्ट आहे याचा संबंध नाही. त्यामुळे तिथे 'मोजलं आणि फरक सापडला नाही' हेसुद्धा दिसतं, आणि ते 'मोजलंच नाही' पेक्षा वेगळं दाखवलेलं असतं. तिथे हाडांची घनता मोजलेली असेल आणि फरक नसेल, तर तुम्ही लिहू शकता की या जातीच्या उंदरात, या वयात, या तपासणीत फरक आढळला नाही. एवढंच, पण हे वाक्य कोणी पाडू शकणार नाही.

जीन ऑन्टॉलॉजीतही, म्हणजे जीन काय काम करतात ते नोंदवायच्या ऑन्टॉलॉजीत, हा फरक जपून ठेवलेला आहे. १९९८ मध्ये फळमाशी, यीस्ट आणि माउस या तीन डेटाबेसच्या लोकांनी मिळून ती सुरू केली आणि पहिल्यापासून पुराव्याचा प्रकार लिहायची शिस्त लावली. प्रत्येक ॲनोटेशनसोबत, म्हणजे जीनला टर्म लावल्याच्या नोंदीसोबत, एक एव्हिडन्स कोड असतो. आयडीए म्हणजे थेट प्रयोग, आयएमपी म्हणजे म्युटंटवरून, जीन बदललेल्या जीवावरून, काढलेलं, आयईए म्हणजे कॉम्प्युटरने लावलेलं आणि माणसाने एकेक न तपासलेलं. एनडी म्हणजे क्युरेटरने शोधलं पण माहितीच मिळाली नाही. शिवाय ॲनोटेशनच्या आधी कधीकधी 'नॉट' लागलेलं असतं, म्हणजे प्रयोगातून असं दिसलंय की हा जीन हे काम करत नाही. स्क्रिप्ट लिहून डेटा ओढणारे कितीतरी जण हा 'नॉट' चा कॉलम वाचतच नाहीत आणि नेमका उलटा निष्कर्ष काढतात. तुमच्या स्क्रिप्टमध्ये तो कॉलम आहे का, आजच बघा. आणि आयईए सरसकट काढून टाकू नका, ज्या प्राण्यांवर फार काम झालेलं नाही त्यांच्यासाठी बऱ्याचदा तेवढंच असतं, फक्त वेगळं मोजा.

प्रश्न : एका प्राण्यातला ट्रेट दुसऱ्या प्राण्यात शोधता येतो का? प्रत्येकाची ऑन्टॉलॉजी वेगळी आहे म्हणता, मग जुळवायचं कसं?

उत्तर : येतो, आणि या क्षेत्रातलं मला सगळ्यात भारी वाटणारं काम हेच आहे. माणसात डोळा जन्मतः लहान असण्याला एचपी:००००५६८ आहे, माउसमध्ये त्यालाच एमपी:०००१२९७. झेब्राफिशच्या झेडफिन डेटाबेसमध्ये तर अशी तयार टर्मच वापरत नाहीत, तिथे अवयव वेगळा आणि गुण वेगळा लिहितात, 'डोळा' अधिक 'आकार कमी'. जुळवणारे लोक काय करतात, तर माणसाच्या आणि माउसच्या टर्मचीसुद्धा आतून अशीच फोड करून ठेवतात, अवयव युबेरॉन नावाच्या सगळ्या प्राण्यांच्या शरीररचनेच्या ऑन्टॉलॉजीतून आणि गुण पॅटो नावाच्या ऑन्टॉलॉजीतून. मग तिन्हीकडे डोळा आणि लहान आकार हे समान निघतं आणि कॉम्प्युटर स्वतःच त्यांना शेजारी आणून ठेवतो. मोनार्क इनिशिएटिव्हच्या साइटवर माणसाचं लक्षण टाकून दुसऱ्या प्राण्यांतले जीन मिळतात ते यामुळे.

कॅटफिशचं उदाहरण बघा. या माशांच्या अंगावर खवले नसतात आणि तोंडाच्या तळाशी बाकीच्या माशांत असतो तो बेसिहायल नावाचा भाग नसतो. हे कोट्यवधी वर्षांपूर्वी पूर्वजांतच नाहीसं झालेलं, त्याचा जीन थेट शोधायचा कुठून? फिनोस्केप नावाच्या प्रकल्पात संशोधकांनी माशांच्या जातींमधले असे फरक ऑन्टॉलॉजीच्या टर्ममध्ये लिहून ठेवले, मग झेब्राफिशच्या म्युटंटमध्ये 'खवले नाहीत' आणि 'बेसिहायल नाही' असं कोणत्या जीनमुळे होतं ते शोधलं, तर खवल्यांसाठी ईडीए आणि ईडीएआर आणि बेसिहायलसाठी बीआरपीएफ१ ही नावं निघाली. तिथेच न थांबता त्यांनी खऱ्या चॅनल कॅटफिशमध्ये हे जीन कुठे चालू असतात ते तपासलं, आणि २०१६ मध्ये छापलेले निकाल या अंदाजाशी जुळणारे होते, म्हणजे बिघाड या जीनच्या पातळीवर किंवा त्यांच्या आधीच्या टप्प्यावर झालेला असावा. जुन्या माशांची हाडं बघणारी माणसं आणि झेब्राफिशचे म्युटंट बनवणारी माणसं, यांनी एकमेकांचे पेपर एरवी वाचलेही नसते, त्यांची नोंद एकाच पद्धतीने लिहिली होती म्हणून हा प्रश्न विचारता आला.

एवढंच सांभाळा की लक्षण जुळलं म्हणजे कारण जुळलं असं नाही. डोळा लहान व्हायला शंभर वाटा आहेत. अशा सर्चमधून प्रयोगाला घ्यायची नावं मिळतात, उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वीची स्क्रिप्ट आता काही आयडींना 'ऑब्सोलीट' म्हणतेय. आयडी कायमचा असतो ना?

उत्तर : आयडी कायमचाच असतो, तो दुसऱ्या कशाला परत दिला जात नाही, पण टर्म निवृत्त होऊ शकते. नाव बदलणं ही वेगळी गोष्ट. जीन ऑन्टॉलॉजीतल्या जीओ:०००६९१५ चं नाव आधी ॲपॉप्टोसिस होतं, आता ॲपॉप्टॉटिक प्रोसेस आहे, आयडी तोच, म्हणून नावावर स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची मोडली आणि आयडीवर लिहिणाऱ्यांना काही फरक पडला नाही. टर्म निवृत्त झाली असेल तर फाइलमध्ये बहुतेकदा दोनपैकी एक खूण मिळेल. 'रिप्लेस्ड बाय' असेल तर नवा आयडी डोळे झाकून घाला. 'कन्सिडर' असेल तर मात्र तसं करू नका, तिथे अनेक पर्याय असू शकतात आणि कुठला तुमच्या डेटाला लागू पडतो ते माणसानेच ठरवायचं असतं. आणि थीसिसमध्ये ऑन्टॉलॉजीची रिलीज तारीख लिहा, जसं सॉफ्टवेअरचं व्हर्जन लिहिता तसं. दोन रिलीजमध्ये झाडाच्या फांद्या हलतात, 'खालच्यासकट' शोधलं की मग यादीच वेगळी येते, आणि परीक्षकाने तुमचं काम परत चालवून बघितलं तर आकडा का जुळत नाही हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

प्रश्न : मला हवा तो ट्रेट कुठल्याच ऑन्टॉलॉजीत नाही. आता?

उत्तर : आधी खात्री करा की तो वेगळ्या नावाने नाहीये, त्यासाठी त्याच्या जवळच्या एखाद्या टर्मपाशी जा आणि तिथून झाडात वर-खाली फिरा, नाव टाकून शोधण्यापेक्षा असं जास्त सापडतं. अवयव आणि गुण वेगळे मिळतायत का तेही बघा, मिळत असतील तर दोन्ही जोडून सध्यापुरतं काम भागवा. तरीही नसेल तर नवीन टर्म मागा. बहुतेक ऑन्टॉलॉजींचं गिटहबवर पान असतं, तिथे कोणीही मागणी टाकू शकतो, मोठ्या लॅबचं नाव असायला लागत नाही. नाव, दोन वाक्यांत व्याख्या, कुठल्या टर्मच्या खाली बसावी, लोक वापरतात ती दुसरी नावं, आणि हा ट्रेट नोंदवलेला एखादा पेपर, एवढं द्या. व्याख्या स्वतः लिहा, कुठून तरी उचलून चिकटवू नका. पलीकडे बसलेले एडिटर उलट प्रश्न विचारतील, की हे मोजमाप आहे की ट्रेट, हे त्या शेजारच्या टर्मपेक्षा वेगळं कसं, तेव्हा वैतागू नका, उत्तरं द्या. टर्म मंजूर झाली की पुढच्या रिलीजमध्ये येईल, तोपर्यंत तुमच्या फाइलमध्ये तात्पुरतं नाव ठेवा पण त्याला मूळ ऑन्टॉलॉजीसारखा दिसणारा खोटा आयडी देऊ नका, तो आकडा उद्या दुसऱ्या कुठल्यातरी ट्रेटला मिळेल आणि तुमची फाइल कोणीतरी त्याच्याशी जोडून बसेल.